कोल्हापूर महापालिकेनं वीज आणि गॅस स्वतः वाटावा का?

उद्यमनगरवाला:
थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोचलं, तेव्हापासून एक विचार डोक्यातनं जात नाही. काळम्मावाडी धरणापासून पन्नास किलोमीटरच्या वर नळ टाकून पाणी आणायची जिद्द हे शहर धरू शकतं. मग गल्लीतल्या डीपीपासून मीटरपर्यंतची वीज आणि स्वयंपाकघरातला गॅस हे शहराच्या हातात का असू नये?

माझं उद्यमनगरात लेथचं काम आहे. महावितरणचं बिल उघडलं की स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वर विद्युत शुल्क. यातला एकही आकडा कोल्हापुरात ठरत नाही. जाब विचारायचा तर कुणाला? पाण्याच्या बाबतीत निदान महापालिकेच्या चौकात मोर्चा नेता येतो.

कायद्याची आडकाठी नाही. २००३ च्या विद्युत कायद्यात एकाच भागात दुसरा वितरण परवाना देता येतो. २००५ च्या नियमांत अशा परवान्याला किमान क्षेत्र किती हवं ते सांगितलंय, आणि त्यात महापालिकेची हद्द बसते. देशात हे चाललेलंही आहे. केरळात त्रिशूर महापालिकेचं स्वतःचं वीज खातं स्वातंत्र्याच्या आधीपासून आहे. नवी दिल्लीत नगर परिषद वीज पुरवते. मुंबईत बस आणि वीज दोन्ही चालवणारी 'बेस्ट' १९४७ साली महापालिकेकडे आली आणि शहर भागात आजही तीच वीज देते. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं, त्या गावानं एवढा विचार करायला काय हरकत आहे?

हिशेबनीस:
दादा, तळमळ पटते. पण बिलाची फोड करून बघा. रुपयातले साधारण बारा आणे नुसत्या वीज खरेदीत जातात. उरलेल्या चार आण्यांत तारा, माणसं, वसुली, व्याज. महापालिका आली तरी वीज त्याच बाजारातनं घेणार, आणि दरही तोच राज्य वीज नियामक आयोग ठरवणार. जाब विचारायचं दार जवळ येईल हे खरं, पण त्या दारामागच्या माणसाच्या हातात चार आणेच असतील.

दुसरं, भांडवल. परवाना मागणाऱ्यानं गुंतवणुकीचा ३० टक्के हिस्सा स्वतःच्या पैशातनं दाखवावा लागतो. केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्याच, बसगाड्या चालू ठेवायला दरवर्षी ज्या तिजोरीकडे हात पसरावा लागतो, तिच्यातनं हा हिस्सा कसा निघणार? मी आयुष्यभर सहकारी संस्थांचे हिशेब तपासले. धंदा बुडतो तो एकाच ठिकाणी: एका खात्याची शिल्लक दुसऱ्या खात्याच्या खड्ड्यात गेली की. बेस्टचंच उदाहरण घ्या. तिथं बसची तूट वर्षानुवर्षं वीज ग्राहकांच्या बिलातनं वसूल झाली, त्यासाठी बिलात वेगळा आकार होता. आपल्याकडे वीज आली की पहिल्याच अंदाजपत्रकात केएमटीचं नाव त्या खात्यापुढं लिहिलं जाईल. हे मी भीती घालायला म्हणत नाही. कोल्हापूरकरांना लालपरीइतकीच केएमटी प्रिय आहे आणि तिला वाचवायला पैसा लागणार आहे, म्हणून म्हणतो.

निवृत्त_अभियंता:
वितरणात तेहतीस वर्षं काढली, तेव्हा तारांबद्दल बोलतो. कायदा दुसरा परवाना देतो, पण 'स्वतःच्या वितरण यंत्रणेतून' पुरवठा करायच्या अटीवर. म्हणजे एकतर महाद्वार रोडवर, पापाच्या तिकटीला, गुजरीत दुसऱ्या तारा ओढायच्या, नाहीतर आहे ती यंत्रणा विकत घ्यायची. पेठांमधल्या गल्ल्यांत आहे ती डीपी बदलायला गाडी आत जात नाही, तिथं दुसरी कुठं बसवणार? विकत घ्यायची म्हटलं तर किंमत कोण ठरवणार यावर दहा वर्षं कोर्टात जातील. अमेरिकेत कोलोराडोतल्या बोल्डर शहरानं हाच प्रयत्न केला. २०११ पासून खाजगी कंपनीकडून यंत्रणा घ्यायची धडपड चालली, आणि २०२० साली नागरिकांनीच मतदान करून तो नाद सोडला व त्याच कंपनीशी करार केला. अमेरिकेत नगरपालिकांच्या आणि इतर सार्वजनिक वीजसंस्था दोन हजारांच्या आसपास आहेत, चांगल्या चालतात. पण त्यातल्या बहुतेक शंभर वर्षांपूर्वी, गावात पहिला दिवा लागला तेव्हा उभ्या राहिल्या. चालत्या यंत्रणेतनं एक शहर कापून काढणं हे वेगळं काम आहे.

आणि सगळ्यात मोठी अडचण अजून कुणी काढलीच नाही. हद्द. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली, त्यानंतर शहराची हद्द वाढलेली नाही. ६६.८२ चौरस किलोमीटर. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती बाहेर. फौंड्र्या बाहेर. इंडक्शन फर्नेस रात्रंदिवस चालते, एकाच उच्चदाब जोडणीवर गल्लीभर घरांइतकी वीज घेते आणि बिल एकरकमी भरते. असा ग्राहक वीजसंस्थेचा कणा असतो. तुमच्या वाट्याला काय येणार? संध्याकाळी सात ते दहा एकदम दिवे, टीव्ही, गिझर लावणारी घरं. त्या तीन तासांसाठी ट्रान्सफॉर्मर आणि तारा पूर्ण क्षमतेच्या ठेवायच्या आणि उरलेला दिवस त्या अर्ध्या रिकाम्या.

उद्यमनगरवाला:
साहेब, हद्दीचा मुद्दा मान्य. पण त्याची दुसरी बाजूही सांगा. फौंड्र्या बाहेर आहेत तसे शेतीपंपही बाहेरच आहेत. आज उद्योगाचा आणि दुकानाचा दर चढा का? शेतीला आणि कमी वापराच्या घरांना स्वस्त वीज द्यायची तर तो भार कुणावर तरी टाकायचा असतो म्हणून. परवडत नाही म्हणून इथले कारखानदार कर्नाटकात जायची भाषा करत होते, ती याच दरांवरून. शहराचा परवाना वेगळा झाला तर तो भार निदान माझ्या लेथवर राहणार नाही.

उचगावकर:
म्हणजे शेताला पाणी देणाऱ्याला वाऱ्यावर सोडायचं? उद्यमनगरवाले दादा, तुम्ही लेथवर ज्या पंपांचे सुटे भाग कापता ते घेणारा शेतकरीच आहे. प्रा. एन. डी. पाटील सर वीजदरासाठी रस्त्यावर उतरायचे तेव्हा शहर आणि खेडं असा भेद त्यांनी केला नाही. कोल्हापूरच्या टोलविरोधी लढ्यात शहराच्या मागं आमची गावं उभी राहिली होती, टोलनाके तर गावांच्या तोंडाशी होते. आता शहर म्हणणार आमची वीज वेगळी, तुमची तुम्ही बघा. आणि धंदा चालेना म्हटलं की पुन्हा हद्दवाढीचा ठराव, म्हणजे आमच्या भागातले कारखाने तुमच्या खात्यात. हद्दवाढीला गावांचा विरोध का आहे हे यातनंच समजून घ्या.

राजारामपुरीकर:
मी या चर्चेत महापुराचं बोलणार. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळेला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि नदी दारात असताना शहर प्यायच्या पाण्यासाठी टँकरच्या रांगेत उभं राहिलं. सासूबाईंना ऐंशी वर्षं झाली होती, चौथ्या मजल्यावर मी बादल्या वाहिल्यात. पाणी एका खात्याचं, वीज दुसऱ्याची, अशानं कुठला पंप आधी सुरू करायचा, कुठल्या दवाखान्याची लाइन आधी जोडायची हे ठरवायला दोन ठिकाणी फोन फिरतात. पाणी, वीज, गॅस एकाच छताखाली असेल तर एक नियंत्रण कक्ष, एक नकाशा. माझ्यासाठी दरापेक्षा हे मोठं आहे.

निवृत्त_अभियंता:
ताई, पुराच्या दिवसांत मी सेवेत नव्हतो, पण आमची पोरं होड्यांतनं डीपीपर्यंत जात होती ते पाहिलंय. एक गोष्ट लक्षात घ्या. पाणी ओसरल्यावर शहर इतक्या लवकर उजेडात आलं कारण दुसऱ्या परिमंडळांतनं माणसं, तारा, ट्रान्सफॉर्मर आले. राज्यभर पसरलेल्या कंपनीला ते शक्य होतं. शहरापुरत्या संस्थेचे वायरमन शहरातच राहणार, म्हणजे पूर आला की त्यांचीही घरं पाण्यात. भांडारही त्याच गावात. एका नकाशाची तुमची मागणी मात्र अगदी रास्त आहे आणि त्यासाठी परवाना लागत नाही. पाणी, ड्रेनेज, वीज, गॅस, सगळ्यांच्या जमिनीखालच्या वाहिन्या एका नकाशावर आणणं महापालिकेच्या अधिकारात आजही आहे. खोदाईची परवानगी तीच देते.

बडोदेकर:
मूळचा मंगळवार पेठेतला, नोकरीनिमित्त वीस वर्षं बडोद्यात. गॅसबद्दल अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. बडोदा महापालिकेनं १९७२ पासून, म्हणजे कोल्हापूरची महापालिका झाली त्याच साली, घरोघरी नळाचा गॅस द्यायला सुरुवात केली. जवळच ओएनजीसीच्या, म्हणजे सरकारी तेल आयोगाच्या, विहिरी होत्या, गॅस मिळत होता, तो शहरानं घेतला. चाळीसेक वर्षं महापालिकेनं तो स्वतः चालवला. २०१३ मध्ये 'गेल' या सरकारी गॅस कंपनीबरोबर संयुक्त कंपनी काढली, वडोदरा गॅस. जाळं वाढवायला पैसा आणि तांत्रिक माणसं हवी होती, तरी शहराचा हिस्सा राहिला.

कोल्हापुरात चित्र वेगळं. २००६ च्या कायद्यानंतर शहर गॅसचे परवाने केंद्राचं नियामक मंडळ जिल्हानिहाय देतं. कोल्हापूर जिल्ह्याचा परवाना दोन सरकारी तेल कंपन्यांच्या संयुक्त कंपनीकडे गेलेला आहे. परवाना मिळाला की नळांचं जाळं टाकायचा एकाधिकार २५ वर्षांचा. त्यामुळं महापालिकेनं स्वतःचे गॅसचे नळ टाकायचा प्रश्न आज मिटल्यात जमा आहे. पण रस्ता शहराचा आहे. खोदाईला परवानगी देताना कुठल्या वस्तीत आधी नळ जाणार, रस्ता किती दिवसांत पूर्ववत होणार, हे करारात लिहून घेता येतं. बडोद्यात मी बघितलं की मालकीपेक्षा याचा लोकांना जास्त उपयोग झाला. चाळीत आणि बंगल्यात एकाच वर्षी गॅस आला तर चाळीतल्या बाईचं सिलिंडर वाहणं थांबतं.

हिशेबनीस:
बडोदेकरांनी गॅस 'जवळ होता' म्हटलं, तोच सगळ्याचा पाया. दाभोळ-बेंगळुरू गॅसवाहिनी आपल्या भागातनं जाते, पण त्यातला गॅस आपला नाही, भाव जगाच्या बाजाराचा. वीज-गॅस वाटपातली खरी जोखीम तारांत-नळांत नसते, खरेदीत असते. टेक्सासमधल्या डेंटन शहराची वीजसंस्था शहराच्या मालकीची. फेब्रुवारी २०२१ मध्ये थंडीची लाट आली, बाजारातला दर आभाळाला भिडला, आणि या दीड लाखाच्या शहरानं चार दिवसांच्या विजेसाठी २० कोटी डॉलरच्या वर मोजले. त्यासाठी कर्ज काढावं लागलं. कारभार प्रामाणिक असूनही हे झालं. आपल्या जवळचं म्हणाल तर मुळा-प्रवरा. श्रीरामपूर-राहुरी भागात सहकारी तत्त्वावर वीज वाटत होते. घेतलेल्या विजेचे पैसे थकत गेले आणि २०११ मध्ये परवाना गेला. सभासदांची संस्था होती, माणसं आपलीच होती.

उद्यमनगरवाला:
दोन दिवस विचार करून लिहितोय. तारा विकत घेण्याचा हट्ट मी सोडला. साहेबांनी सांगितलेल्या पेठांच्या गल्ल्या मी रोज बघतो, तिथं दुसरा खांब उभा राहणार नाही. उचगावकर, तुमचं बोलणं लागलं. शेतीचा भार झटकायचा हे मी बरोबर बोललो नाही, त्याचं ओझं सरकारनं थेट अनुदानानं उचलावं एवढंच म्हणतो.

पण शहरानं वीजधंद्यात हात घालूच नये, हे अजून पटत नाही. नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली आणि पाच वर्षांवर शहर प्रशासकांच्या हातात राहिलं. त्या काळात विजेचा विषय कुणी मांडलाच नाही, कारण मांडायला नगरसेवकच नव्हता. महापालिका स्वतः शहरातल्या मोठ्या ग्राहकांपैकी एक आहे. काळम्मावाडीचे पंप, शहरातले दिवे, कसबा बावड्याचा ७६ दशलक्ष लिटरचा सांडपाणी प्रकल्प, दुधाळीचा प्रकल्प. २०२२ च्या नियमांनी १०० किलोवॅटपासूनच्या ग्राहकाला हरित, म्हणजे सौर-पवनसारखी, वीज बाहेरून थेट घेता येते. महापालिकेनं आधी स्वतःच्या पंपांपुरती वीज घ्यायला शिकावं. मोकळ्या जागांवर, शाळांच्या छपरांवर सौर पॅनेल टाकावीत. पाच वर्षं स्वतःचा हिशेब नीट ठेवून दाखवला की परवान्याचं बोलू.

हिशेबनीस:
यावर मी तुमच्याबरोबर आहे, एका अटीवर. वाचलेला पैसा वेगळ्या खात्यात, आणि ते खातं दर तिमाहीला लोकांपुढं.

निवृत्त_अभियंता:
मग सुरुवात आत्ताच करा. माहितीच्या अधिकारात उपसा केंद्रांची मागच्या बारा महिन्यांची बिलं मागा, अर्ज लिहायला मी मदत करतो. हातात आली की तीन गोष्टी बघायच्या. कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे करारात मागून ठेवलेला जास्तीत जास्त भार, किती घेतली आहे आणि प्रत्यक्ष किती नोंदली गेली. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामी येते ते प्रमाण, किती. आणि दिवसाच्या कुठल्या तासांत पंप चालले, कारण वेळेनुसार दर बदलतो. पुईखडीच्या टाक्या भरलेल्या असतील तर महाग तासांत पंप बंद ठेवता येतात. शनिवारी बिलं घेऊन माझ्याकडं या, हिशेबनीस आले तर उत्तमच.

राजारामपुरीकर:
मीही येते. शिंगणापूरचं बिल विसरू नका, आणि पुराच्या महिन्यांचंही मागा.