मदत हवी आहे: आर्लमध्ये आईला घेऊन दोन दिवस

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये आईला (वय ७२, गुडघेदुखी) घेऊन दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला जातोय. मुक्काम दोन रात्री.

माझा जीव अडकलाय तिथल्या रोमन रंगमंडलात (अँफिथिएटर). इ.स. ९० च्या सुमारास बांधलेलं, वीसेक हजार माणसं बसतील एवढं. पण मला खरी ओढ त्याच्या पुढच्या आयुष्याची आहे. साम्राज्य कोसळल्यावर लोकांनी त्याचाच किल्ला केला. कमानी बुजवल्या, आत दोनशेहून जास्त घरं आणि दोन प्रार्थनामंदिरं उभी राहिली. एकोणिसाव्या शतकात ती वस्ती हटवली. मध्ययुगातले बुरूज मात्र अजून आहेत. त्यावर चढायला पायऱ्या किती उंच आहेत? मधे टेकायला जागा आहे का? आईला खालूनच दाखवावं का?

दुसरं, चित्रकार व्हॅन गॉग. तो १८८८ च्या फेब्रुवारीत इथे आला आणि सव्वा वर्ष राहिला. त्याचं पिवळं घर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेलं, हे वाचून वाईट वाटलं. तो ज्या रुग्णालयात होता त्याचं फुलबागेचं अंगण बघायचंच आहे. आईकडे त्याने काढलेल्या त्या अंगणाच्या चित्राचं कॅलेंडर होतं, पान फाडून तिने देवघराशेजारी चिकटवलंय.

सेंट त्रोफीम चर्चचं कोरीव दार आणि आलिस्कां या जुन्या रोमन दफनभूमीतली दगडी शवपेट्यांची वाट एकाच सकाळी चालून होईल का, की आलिस्कांसाठी टॅक्सी बरी? शनिवारचा बाजारही गाठायचाय. शिवाय आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. कुणी नुकतं जाऊन आलं असेल तर कृपया सांगा, तिकिटं याच आठवड्यात काढायची आहेत.