उजनीचे रोहित आणि पाऊस: दोन डेटा जुळतच नाहीत, काय करू?

पाणकाठ_इंदापूर
एमएस्सीचा प्रबंध करतेय, पर्यावरणशास्त्र. उजनी धरणाकाठच्या भिगवण-कुंभारगावला रोहित (फ्लेमिंगो) कधी आणि किती येतात, त्याचा पावसाशी काय संबंध, हा विषय. ईबर्डचा (पक्षी बघणारे आपल्या याद्या टाकतात ती साइट) डेटा मागवून घेतला. हवामान खात्याचा ०.२५ अंशाच्या चौकोनांतल्या रोजच्या पावसाचा डेटा उतरवला, भिगवण ज्या चौकोनात येतं त्याची वर्षाची बेरीज काढली आणि दोन्ही एका आलेखावर टाकलं. नुसते विस्कटलेले ठिपके! आमचे सर म्हणतात, अजून वर्षं घे. माझे चुलते तिथेच होडी चालवतात. त्यांचं एकच, "धरण तुडुंब असलं की पक्षी नसतोय, गाळ उघडा पडला की येतोय." पण चुलते म्हणतात असं प्रबंधात कसं लिहू? आणि मूव्हबँकवर (टॅग लावलेल्या प्राण्यांच्या प्रवासाचा डेटा ठेवणारी साइट) या रोहितांचे जीपीएस मार्ग मिळतील का?

टीएमसीवाले_आजोबा
पोरी, चुलते बरोबर आहेत. तू पाऊस चुकीच्या गावचा घेतलास. भिगवण पर्जन्यछायेत. तिथं थेंब न पडताही उजनी भरते, कारण पाणी येतं घाटमाथ्यावरून. भीमाशंकर, पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा. माझी सगळी नोकरी भीमा खोऱ्यात पाटबंधाऱ्याकडे गेली. पावसाळ्यात आमचं लक्ष इंदापूरच्या आभाळाकडे कधीच नसे, उजनीच्या वर दौंडला विसर्ग किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) आहे याच्याकडे असे.

आता तू म्हणशील, हायड्रोशेड्समधून (नद्या-खोऱ्यांचा जागतिक नकाशा) पाणलोटाची हद्द काढते आणि तिच्यातला सगळा पाऊस बेरजेला घेते. जरा थांब. ती हद्द जमिनीच्या उतारावरून काढलेली असते. उताराप्रमाणे मुळशी आपल्या खोऱ्यात येते, पण मुळशीचं पाणी बोगद्यातून भिऱ्याला जातं, कोकणात. ठोकरवाडीचं भिवपुरीला, लोणावळा-वळवण-शिरवट्याचं खोपोलीला. सगळ्यात जास्त पावसाचा पट्टा तोच, आणि त्यातलं बरंचसं पाणी वीज करून पश्चिमेला उतरतं. सांडव्यावरून गेलं तरच तुझं. शिवाय पाव अंशाचा चौकोन म्हणजे साधारण पंचवीस-सत्तावीस किलोमीटर. घाटात तेवढ्या अंतरात पाऊस कितीतरी पटींनी कमी होतो, चौकोन त्याची सरासरी करून टाकतो. (खडकवासल्याचं पाणी पुणेकर पितात आणि परत काय पाठवतात, ते उजनीकाठच्या माणसाला विचारू नकोस. चिलटांच्या अळ्यांना मात्र चालतं, आणि रोहितालाही.)

माझं ऐकशील तर पाऊस सोड, धरणाची पातळी घे. टक्केवारी नको, मीटर घे. ४९६.८३ ला उजनी शंभर टक्के, ४९१.०३ ला उपयुक्त साठा शून्य, आणि त्याखालीही ६३ टीएमसीहून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) जास्त मृतसाठा. पाणी त्यात उतरलं की टक्केवारी 'वजा' म्हणतात. तुझा पक्षी नेमका त्या 'वजा'तल्या पाण्याकाठी चरतो. एखाद्या तक्त्यात उपयुक्त साठा शून्यावर थांबवलेला असेल, तर पुढचे महिने तुला सपाट रेघ दिसेल आणि बाहेर पाणी रोज हटत असेल. २०२३ ला धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं, जानेवारी २०२४ मध्येच वजात गेलं. त्या हिवाळ्याच्या याद्या आधी काढून बघ.

पातळीवरून गाळ किती उघडा पडला हे मोजायला सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं फुकट आहेत. दहा मीटरचा ठिपका आणि दर पाच दिवसांनी फेरी. सेंटिनेलच्या आधीच्या वर्षांत जायचं असेल तर लँडसॅट उपग्रहांवरून केलेले पाण्याचे जागतिक नकाशे १९८४ पासूनचे मिळतात, तीस मीटरचे. पण उघडी पडलेली सगळी जमीन 'गाळ' म्हणून मोजू नकोस. पाणी हटलं की लोक गाळपेर करतात, म्हणजे त्या गाळातच पेरतात, महिन्याभरात तिथं पीक उभं राहतं. रोहिताला हवा ओला चिखल आणि घोटाभर पाणी. म्हणून मागच्या दोन-तीन चित्रांत जे नव्यानं उघडं पडलं तेवढंच धर, हिरवं झालेलं वगळ.

यादीवेडा
आजोबांना दंडवत. मी पक्ष्यांच्या बाजूनं भर घालतो. ईबर्डमधला आकडा म्हणजे शिरगणती नव्हे. रविवारी सकाळी दहा होड्या एकाच थव्याभोवती फिरतात, दहा याद्या होतात, आणि बेरीज केली तर थवा दसपट. एका होडीतल्या चौघांनी एकच यादी वाटून घेतली असेल तर तिचा गट-क्रमांक एकच असतो, त्यावरून एक ठेवा. संख्येच्या जागी 'एक्स' असेल तर पक्षी होता, मोजला नाही. त्याचा शून्य करू नका. फक्त 'पूर्ण' याद्या (दिसलेले सगळे पक्षी नोंदवलेल्या) घ्या, कारण रोहित *नव्हता* हे त्यांतूनच कळतं. त्यासाठी याद्यांच्या तपशिलाची वेगळी फाइल लागते, ती उतरवली का? मी तुमच्या जागी असतो तर संख्या सोडून 'दर पंधरवड्याला शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत रोहित' एवढंच घेतलं असतं. ऑगस्टमध्ये याद्या कमी असतात कारण माणसंच जात नाहीत, हेही लिहा.

मूव्हबँकवर फार आशा ठेवू नका. नकाशावर रेघ दिसली म्हणजे डेटा मिळालाच असं नाही, बऱ्याचदा मालकाची परवानगी लागते. बीएनएचएसनं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) २०२२ मध्ये ठाणे खाडीत सहा रोहितांना टॅग लावले, पण ते उजनीचे नव्हेत.

कच्छी_वारा
वार्षिक बेरजेत ऑक्टोबरनंतरचा अवकाळीही धरलाय का? आणि तारखा बघा. हवामान खात्याचा 'दिवस' सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ, आणि नोंद दुसऱ्या तारखेची. ईआरए-५ (युरोपचा जागतिक हवामान-डेटा) वापरायला गेलात तर तिथं दिवस ग्रीनिचच्या घड्याळाचा.

पाऊस ठेवायचाच असेल तर कच्छचा ठेवा. मोठे रोहित रणात वीण करतात. तिकडे पाणी टिकलं तर ते इकडे का घाई करतील?

पाणकाठ_इंदापूर
सगळ्यांचे आभार. तपशिलाची फाइल उतरवली नव्हती, आज मागवते. २०२३-२४ च्या याद्या घाईघाईत चाळल्या; आधीच्या हिवाळ्यापेक्षा रोहित लवकर दिसतात, पण वाटून घेतलेल्या याद्या अजून गाळायच्या आहेत. आजोबा, दौंडच्या विसर्गाचे जुने रोजचे आकडे कुठे मिळतील?

टीएमसीवाले_आजोबा
इंडिया-डब्ल्यूआरआयएसवर, म्हणजे केंद्राच्या जलसंपत्ती माहितीच्या साइटवर बघ. तिथं खंड पडलेले दिसले तर कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज कर आणि स्वतः घेऊन जा. आणि चुलत्यांना विचार, पळसदेवाचं जुनं देऊळ कोणकोणत्या वर्षी उघडं पडलं. त्यांनी सांगितलेली वर्षं उपग्रहाच्या चित्रांशी ताडून बघितलीस, की त्यांचं म्हणणं प्रबंधात बिनधास्त घाल, 'स्थानिक मुलाखत' म्हणून.