‘रेंज अँग्झायटी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

मी मुलुंडला राहते आणि रोज विजेच्या मोटारीने लोअर परळला कामावर जाते. आमच्या सोसायटीत अशा गाड्या वाढू लागल्याने सभासदांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. लिहिताना ‘रेंज अँग्झायटी’ या शब्दप्रयोगापाशी मी अडले. बॅटरीत उरलेली वीज मुक्कामी किंवा पुढच्या चार्जरपर्यंत पोहोचण्याआधीच संपेल की काय, असे चालकाला वाटत राहणे, हा त्याचा अर्थ. ‘अंतराची भीती’ असे लिहून पाहिले, पण त्यातून लांबच्या प्रवासाचीच भीती वाटते असा अर्थ निघतो. ‘बॅटरी संपण्याची चिंता’ सर्वांना समजेल, मात्र ती मोबाइललाही तितकीच लागू पडते. कृपया नेमका शब्द सुचवावा.

प्रतिसाद १

‘पल्लाचिंता’ हा शब्द मला योग्य वाटतो. ‘मध्यम पल्ल्याचे क्षेपणास्त्र’ अशी रचना वर्तमानपत्रांनी रुळवलेली असल्यामुळे रेंजसाठी ‘पल्ला’ नवा नाही आणि ‘चिंता’ तर सर्वांच्या तोंडचा शब्द आहे. शिवाय जोडशब्द आटोपशीर होतो, जे पत्रकाच्या दृष्टीने सोयीचे आहे.

प्रतिसाद २

‘पल्ला’ या शब्दाशी मी पूर्णपणे सहमत आहे, ‘चिंता’ या शब्दाशी नाही. दोन्हींची कारणे सविस्तर मांडतो, कारण या एका शब्दप्रयोगात मराठीच्या दोन समृद्ध शब्दकुळांची गाठ पडते.

आधी ‘रेंज’ तसाच ठेवावा का, ते पाहू. मराठीत हा शब्द आला, रुळला आणि त्याने मोबाइलच्या नेटवर्कचा अर्थ धरला. ‘बोगद्यात रेंज गेली’, ‘गावी रेंज मिळत नाही’ ही वाक्ये आज कोणालाही समजावून सांगावी लागत नाहीत. त्यामुळे ‘मला घाटात रेंजची काळजी वाटते’ असे कोणी म्हटले, तर ऐकणारा आधी फोनचाच विचार करील. ‘पोहोच’ हा शब्द अर्थाने जवळचा आहे, पण पत्रव्यवहारात त्याने पावतीचा अर्थ घेतला आहे. ‘आवाका’ माणसाच्या कुवतीला किंवा विषयाच्या विस्ताराला शोभतो.

‘पल्ला’ची गोष्ट वेगळी आहे. दादरला किंवा कुर्ल्याला आपण ‘लांब पल्ल्याच्या गाड्या’ असे ऐकतो, तेव्हा पल्ला म्हणजे कापायचे अंतर असते. ‘लांब पल्ल्याची तोफ’ म्हणताना मात्र पल्ला म्हणजे त्या तोफेची मारा करण्याची क्षमता असते. कापायचे अंतर आणि ते कापण्याची शक्ती हे दोन्ही अर्थ मराठीने एकाच शब्दात सांभाळले आहेत, आणि आपण ज्या भावनेसाठी शब्द शोधतो आहोत ती या दोन पल्ल्यांमधल्या फरकातूनच जन्माला येते. दुसरा कोणताही पर्याय हे साधत नाही.

आता ‘अँग्झायटी’कडे वळतो. विजेच्या गाडीच्या संदर्भात हा शब्दप्रयोग इंग्रजीत १९९७ साली छापून आला, तो जनरल मोटर्सच्या ‘ईव्ही-१’ या गाडीविषयी लिहिताना. नॉर्वेत विजेच्या गाड्या वाढल्या तेव्हा तिथल्या लोकांनी आपल्या भाषेतले ‘पोहोच’ आणि ‘भीती’ या अर्थांचे शब्द जोडून ‘रेक्केविद्देआंग्स्ट’ असा शब्द घडवला, आणि २०१३ साली तो तिथल्या भाषा परिषदेच्या वर्षशब्दांच्या यादीतही आला. त्यांना ‘भीती’ चालली म्हणून ती आपल्यालाही चालेल असे नाही, कारण मनाच्या या प्रदेशात मराठीने फार बारीक भेद केलेले आहेत.

चिंता दीर्घकाळ टिकते आणि तिला निश्चित शेवट नसतो. मुलांच्या भवितव्याची चिंता असते. मानसशास्त्रातही ‘चिंताविकार’ असा शब्द आहे, आणि निरोगी चालकाच्या तासाभराच्या अस्वस्थतेवर त्याची छाया पडू नये असे मला मनापासून वाटते. धसका घडून गेलेल्या गोष्टीचा बसतो. ज्याची गाडी एकदा खरोखर रस्त्यात बंद पडली, त्याने धसका घेतला असे म्हणता येईल. धास्तीत समोरच्या संकटाचा दरारा असतो. हुरहूर तर येथे अजिबात चालणार नाही, तिच्यात विरहाची आर्तता आहे.

राहिली धाकधूक. निकाल लागायचा आहे, तो आपल्या हाती पूर्णपणे नाही आणि तो लागला की मन शांत होणार आहे, अशा मधल्या काळाचा हा शब्द आहे. त्यात छातीचा ठोका ऐकू येतो. दहावीच्या निकालाची धाकधूक असते, मतमोजणीच्या दिवशी उमेदवाराला ती असते. पडद्यावरचे उरलेले किलोमीटर आणि पुढच्या फलकावरचे किलोमीटर यांची मनात वजाबाकी करणाऱ्या चालकाची अवस्था अगदी हीच असते.

पुण्याकडे जाताना खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत गाडी सुमारे साडेपाचशे मीटर वर चढते. दीड टनाच्या गाडीला केवळ हे वजन वर नेण्यासाठी सव्वादोन युनिटच्या आसपास वीज लागते आणि मोटारीतील अपव्यय त्याहून वेगळा. सपाटीवर तेवढ्या विजेत गाडी पंधरा किलोमीटर सहज गेली असती. म्हणून घाटात पडद्यावरचा आकडा प्रत्यक्ष कापलेल्या अंतरापेक्षा फार झपाट्याने उतरतो आणि धाकधूक वाढते. परतताना उतारावर मोटार उलट वीज निर्माण करून बॅटरीत भरते, आकडा सावरतो, धाकधूकही ओसरते. चढणारी आणि ओसरणारी भावना ‘चिंता’ या स्थिर शब्दात मावत नाही.

म्हणून माझी शिफारस ‘पल्ल्याची धाकधूक’ अशी आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण घेतलेल्या कष्टांबद्दल मनःपूर्वक आभार. तरीही एक शंका उरते. माझे जाणे-येणे मिळून साठेक किलोमीटर होते आणि गाडी एका चार्जमध्ये त्याच्या तिप्पट अंतर निश्चित जाते. द्रुतगती मार्गावर ज्या वेगाने वीज खर्च होते, तशी ती भांडुप-घाटकोपरच्या संथ वाहतुकीत होत नाही, कारण प्रत्येक वेळी वेग कमी करताना थोडी परत मिळते. म्हणजे रस्त्यावर मला धाकधूक नसतेच. माझे मन खाते ते वेगळेच आहे. सोसायटीत माझ्या पार्किंगच्या जागी चार्जर बसवण्याची परवानगी अजून मिळालेली नाही, त्यामुळे दर दोन-तीन दिवसांनी कुठे, किती वाजता आणि किती वेळ थांबून चार्ज करायचे याची आखणी करावी लागते. यालाही तोच शब्द वापरावा का?

आमच्या शेजारच्या काकू सकाळी खाली भेटल्या की विचारतात, “आज पुरेल ना गं?” त्यांना रेंजही माहीत नाही आणि पल्लाही. मला मात्र हा प्रश्न फार नेमका वाटतो.

प्रतिसाद २ (पुढे)

तोच शब्द वापरू नये. आपण वर्णन केलेल्या अवस्थेला मराठीत ‘विवंचना’ म्हणतात. गरजेची गोष्ट कुठून आणि कशी जुळवायची हा विचार पिच्छा सोडत नाही, तेव्हा विवंचना असते, जशी महिनाअखेरीस पैशांची असते. तेव्हा पत्रकात दोन्ही शब्द यावेत: प्रवासात ‘पल्ल्याची धाकधूक’ आणि घरी चार्जर नसणाऱ्यांची ‘चार्जिंगची विवंचना’. इंग्रजी शब्दाच्या मागे गेल्यास या दोन अवस्था एकत्र होतात आणि सोसायटीच्या सभेत चर्चा भलत्याच मुद्द्यावर जाते. कारण पहिलीवर मोठी बॅटरी हा उपाय आहे, तर दुसरीवर पार्किंगमधील विजेची जोडणी.

काकूंचा प्रश्न कृपया पत्रकात जसाच्या तसा घ्या. ‘पुरणे’ हे क्रियापद शिधा, पैसा, कापड, वेळ अशा सगळ्यांना लावून मराठी माणूस उरलेले आणि लागणारे यांचा हिशेब पूर्वापार करीत आला आहे. त्यामुळे पहिले वाक्य असे करता येईल: ‘उरलेला चार्ज मुक्कामापर्यंत पुरेल ना, असे चालकाला वाटत राहते, या पल्ल्याच्या धाकधुकीविषयी थोडी माहिती.’ येथे ‘धाकधूक’मधला दीर्घ ऊकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, तेवढे छपाईपूर्वी तपासून घ्यावे.