तिसरीच्या वर्गात एक तास: काय करू?

ए-४०२: नमस्कार मंडळी. लेकीच्या वर्गात (तिसरी) पुढच्या शुक्रवारी एका पालकाने जाऊन तंत्रज्ञानाचा तास घ्यायचा आहे. मी हो म्हटलंय. मुलं ३२, टॅब ८, वेळ दीड तास. वर्गशिक्षिकांचं म्हणणं एवढंच, की मुलांना मजा यावी आणि घरी जाताना प्रत्येकाच्या हातात स्वतः केलेलं काहीतरी असावं. लहान मुलांबरोबर कुणी असं काही केलं असेल तर सांगा ना.

बी-१०१: स्क्रॅच घ्या की, ब्लॉक जोडून गेम आणि गोष्टी बनवायची मुलांची प्रोग्रॅमिंगची भाषा. फुकट आहे. माझा मुलगा सहावीत आहे, त्यात रोज नवा गेम करत असतो.

ए-४०२: पहिला विचार तोच आला होता दादा. पण ८ टॅब आणि ३२ मुलं...

सी-२०४: ताई, मी सव्वीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, म्हणून थोडं लांबलचक लिहिते. स्क्रॅच उत्तमच आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने ते २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, पण ते मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे. तिसरी म्हणजे अगदी उंबरठ्यावर. त्याहून लहानांसाठी स्क्रॅच ज्युनियर आहे, त्यातले ब्लॉक चित्रांचे असतात, वाचता येत नसलं तरी चालतं. पण पहिल्याच भेटीत टॅब हातात दिले, की निम्मा वेळ "माझं उघडत नाहीये" यातच जातो.

मी सुरुवात नेहमी खडूने करायचे. फरशीवर ६ बाय ६ घरं आखायची. एक मूल रोबो. बाकीच्यांनी त्याला चिठ्ठ्यांवर आज्ञा लिहून द्यायच्या. आज्ञा तीनच: एक घर पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. रोबोने स्वतःची अक्कल अजिबात वापरायची नाही, चिठ्ठीत असेल तेवढंच करायचं. कोपऱ्यात डस्टर ठेवायचा आणि रोबोला तिथपर्यंत न्यायचं.

एकदा रोबो वर्गाकडे तोंड करून उभा होता. चिठ्ठी वाचली, "डावीकडे वळ". तो त्याच्या डावीकडे वळला आणि सगळा वर्ग ओरडला, चुकला चुकला! तो रडवेला झाला, म्हणाला, "बाई, माझं डावं हेच आहे." वर्ग एकदम गप्प. मग एक मुलगी उठली, त्याच्या मागे जाऊन उभी राहिली, स्वतःचा डावा हात वर केला आणि म्हणाली, "हो गं, त्याचंच बरोबर आहे." त्यानंतर चिठ्ठी लिहिण्याआधी प्रत्येक गट आपणहून रोबोच्या पाठीमागे जाऊन उभा राहायला लागला. मी एक शब्दही सांगितला नव्हता.

१९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा केली, तिच्यात आज्ञा देऊन एक कासव चालवायचं असतं, त्यामागे हाच विचार आहे. मूल स्वतः कासव होऊन मनात चालून बघतं, म्हणून त्याला कोन कळतो.

डी-३०३: बाई, फार छान! मुलं चुकली की तुम्ही काय म्हणायचात?

सी-२०४: "चूक" हा शब्दच काढायचे नाही. "किडा शोधा" म्हणायचे. त्यामागची गोष्ट खरी आहे, मुलांना फार आवडते. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या संगणकाच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, खराखुरा पतंग (उडणारा किडा) अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि खाली लिहून ठेवलं. यंत्रातल्या बिघाडाला बग, म्हणजे किडा, म्हणायची पद्धत त्याच्याही आधीची, पण इथे सापडला तो सहा पायांचा. ती वही आजही अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. हे ऐकल्यावर मुलं आपल्या चिठ्ठ्यांतला किडा हुडकायला लागतात, आणि सापडला की रडण्याऐवजी आनंदाने ओरडतात.

ई-१०३: मी एक सुचवू? कागदी शुभेच्छापत्रात छोटा एलईडी दिवा. तांब्याची चिकटपट्टी आणि ३ व्होल्टचा बटन सेल, एवढंच सामान. एलईडीचा लांब पाय धन बाजूला. दिवा पेटतो तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

ए-२०१: एलईडी छान, पण बटन सेल कृपया नको. मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. गिळलेला बटन सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. ३२ मुलांना ३२ सेल दिले तर परत किती आले हे मोजणार कोण? करायचंच असेल तर पेन्सिल सेलचा, स्क्रूने बंद होणारा डबा वापरा, आणि गटाला एकच.

ई-१०३: हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बरं झालं सांगितलंत. मी सूचना मागे घेतो.

डी-३०३: मग टॅबवर स्टॉप मोशन फिल्म करा, म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवत फोटो काढायचे आणि ते भराभर दाखवायचे. चार मुलांमागे एक टॅब, तुमचं गणित बरोबर बसतं. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात, मुलांना ६ पुरतात. म्हणजे १० सेकंदांच्या फिल्मला ६० फोटो, प्रत्येकाच्या वाट्याला १५. एकजण वस्तू हलवणार, एकजण बटण दाबणार, एकजण मोजणार, एकजण पडद्यावर लक्ष ठेवणार, आणि दर १५ फोटोंनंतर जागा बदलायच्या.

दोन गोष्टी सांभाळा. टॅब दोन जाड पुस्तकांच्या मध्ये उभा करून टेपने पक्का चिकटवा. केसाएवढा हलला तरी फिल्ममध्ये भूकंप दिसतो. आणि खिडकीपाशी बसवू नका, ढग आला-गेला की चित्र लुकलुकतं. फोटोआधी सगळ्यांनी मोठ्याने "हात बाहेर!" म्हणायचं.

माझ्या भाचीने खोडरबर कंपासपेटीतून बाहेर येतोय असं केलं होतं. दर वेळी नखाच्या रुंदीएवढंच सरकवायची, आणि जीभ दातांत धरलेली. मध्येच खोडरबर आडवा पडला. मी उचलायला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे मामा, तो दमलाय." पुढचे आठ फोटो खोडरबर झोपूनच होता. सगळ्या फिल्ममध्ये तोच भाग सगळ्यात जिवंत झाला.

ए-५०१: सगळं छान आहे, पण मी स्पष्टच लिहितो. मुलं घरी स्क्रीनवर, शाळेतही स्क्रीनवर. तिसरीत याची खरंच गरज आहे का?

डी-३०३: प्रश्न रास्त आहे. पण ६० फोटोंच्या फिल्ममध्ये मुलाची नजर जास्तीत जास्त वेळ खोडरबरवर असते, पडद्यावर नाही. बघत बसणं आणि घडवणं यांत मला फरक दिसतो.

ए-५०१: हे मान्य. तरी बिनस्क्रीनचं काही असेल तर माझी पसंती त्याला.

सी-२०४: आहे ना! न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवायचे खेळ तयार केले. त्यातला ठिपक्यांच्या पाट्यांचा खेळ मी दरवर्षी घ्यायचे. पाच मुलं ओळीत उभी करायची. पाट्यांवर ठिपके १६, ८, ४, २, १. पाटी समोर धरली की मोजायची, उलटी केली की नाही; संगणकही आकडे असेच दोनच खुणांत लिहितो. १९ हवे? १६, २ आणि १ समोर, ८ आणि ४ उलट्या. मग १ पासून ओळीने मोजायला लावा. एकच ठिपका असलेल्याचे हात दर आकड्याला फिरतात, तो दमून जातो. १६ वाला ताटकळत विचारतो, "बाई, माझं कधी?" आणि १६ म्हटलं की सगळे उलटे आणि तो एकटा सुलटा.

आणि ताई, तुमच्या वर्गात ३२ मुलं आहेत हे वाचून मला फार आनंद झाला. पाच पाट्यांत जास्तीत जास्त ३१ होतात. प्रत्येकाला स्वतःचा हजेरी क्रमांक करून दाखवायला सांगा. ३२ नंबरवालं मूल अडकेल. तिथे तुम्ही काहीही बोलू नका, थांबा. कुणीतरी नवी पाटी मागेलच, आणि तिच्यावर किती ठिपके हवेत तेही तीच मुलं सांगतील.

ए-४०२: बाई, अंगावर काटा आला. मागच्या वर्षी लेकीचा ज्वालामुखीचा प्रकल्प मी रात्री जागून केला. प्रदर्शनात तिला विचारलं, आतून काय आहे? ती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मी विसरलेले नाही. या वेळी मला खरंच हात मागे ठेवायचे आहेत.

सी-२०४: मग हातात घेऊन जायची वस्तूही यातूनच. गडद आणि फिकट मणी. गडद म्हणजे पाटी समोर, फिकट म्हणजे उलटी. प्रत्येकाने आपल्या हजेरी क्रमांकाचं कडं ओवायचं. ३२ मुळे मणी सहा लागतील.

बी-१०१: ३२ गुणिले ६, एकूण १९२ मणी. हिशेब केला: ८१ गडद, १११ फिकट. मी आणून देतो, दोन्ही रंग थोडे जास्तच.

ए-४०२: खूप आभार दादा! मग पहिली २५ मिनिटं खडूचा रोबो, मग पाट्या, मग कडी. डी-३०३ दादा, फिल्म मात्र वेगळ्या दिवसासाठी मागून घेते, ती दीड तासात घाईची होईल. तेव्हा तुम्हीच या वर्गात.

डी-३०३: नक्की येतो.

ए-२०१: आणि फोटो काढले तर मुलांचे चेहरे इथे टाकू नका, प्रत्येक पालकाला विचारलेलं नसतं.

ए-४०२: हो, कड्यांचेच काढीन.

ए-४०२: बाई, आत्ता लेकीबरोबर करून बघितलं. तिचा नंबर १. पाच फिकट, एक गडद. हातात घालून फिरवलं आणि म्हणाली, "आई, इकडून वाचलं तर मी ३२ आहे!" गोल कड्याला सुरुवातच नाही, हे आपल्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिनेच उपाय सांगितला: सुरुवातीला एक तांबडा मणी.

बी-१०१: ३२ तांबडे मणी यादीत लिहिले.