मेडिकल कागदांना अपोस्टिल: नोटरी आधी की भाषांतर आधी?

शंकासुर: डिस्चार्ज समरी, बायोप्सीचा रिपोर्ट आणि फिटनेस सर्टिफिकेट परदेशी द्यायचं आहे. तिकडून 'लीगलाइज्ड' (सही-शिक्के सरकारी पातळीवर प्रमाणित केलेले) कागद मागितलेत. नेमका क्रम काय? एमआरआयच्या सीडीलाही शिक्का लागतो का?

कागदी घोडा: आधी देश बघा. तो १९६१ च्या हेग करारात असेल तर अपोस्टिलवर (कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र) भागतं, दूतावासाची पायरी नाही. नसेल तर नोटरी, कागद जिथला त्या देशाचं परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी जिथे द्यायचा त्या देशाचा दूतावास. जुन्या याद्यांवर विसंबू नका. चीनमध्ये २०२३ पासून आणि कॅनडात २०२४ पासून करार लागू झाला. दोन्ही देश सभासद असले तरी एकाने दुसऱ्याच्या प्रवेशाला हरकत घेतलेली असू शकते, मग त्या दोघांत अपोस्टिल चालत नाही. हा करार सांभाळणाऱ्या हेग परिषदेच्या साइटवरच्या तक्त्यात ते कळतं.

खरी गोची डॉक्टरांच्या सहीची. खाजगी डॉक्टरांची सही सरकारी दप्तरात नसते, म्हणून आधी नोटरी करायची आणि बऱ्याच देशांत अपोस्टिल त्या नोटरीच्या सहीवर लागतं. मग अपोस्टिलच्या रकाना २ मध्ये (सही कुणाची) डॉक्टरांऐवजी नोटरीचं नाव दिसलं तर दचकू नका, ते बरोबर आहे. निदान खरं आहे असं अपोस्टिल कुठेच म्हणत नाही. ते फक्त सही, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि शिक्का यांची खात्री देतं.

लॅबच्या रिपोर्टखाली 'संगणकीय प्रत, सहीची गरज नाही' असं छापलेलं असेल तर नोटरी सही कुणाची साक्षांकित करणार? पॅथॉलॉजिस्टची शाईची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक घेऊनच जा. नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळायला हवं.

टाचणी: लॅमिनेशन अजिबात नको. आणि अपोस्टिलचं पान स्कॅन करायला म्हणून पिन काढू नका. पिनेची जादा भोकं दिसली की पान बदलल्याचा संशय येतो आणि कागद परत.

भाषांतराचं उत्तर कागद घेणाऱ्या संस्थेकडे. त्यांना त्यांच्याकडचा शपथबद्ध (अधिकृत मान्यता असलेला) भाषांतरकार हवा असेल तर आधी अपोस्टिल, मग शिक्क्यांसकट सगळ्याचं भाषांतर. इथलं भाषांतर चालत असेल तर त्यालाही वेगळं अपोस्टिल लागतं का, ते लेखी विचारून घ्या.

कागदी घोडा: सीडीचं राहिलं. सीडीवर किंवा फिल्मवर काही लागत नाही, रेडिओलॉजिस्टच्या सही केलेल्या रिपोर्टवर लागतं. नुसत्या उपचारासाठी जात असाल तर बहुतेक डॉक्टरांना साधे रिपोर्टच पुरतात. हा खटाटोप विमा, कोर्ट, व्हिसा यांच्यासाठी असतो.

शंकासुर: फिटनेस आत्ताच काढून ठेवू?

टाचणी: नको, शेवटी काढा. अपोस्टिलला मुदत नसते, पण सर्टिफिकेट किती दिवसांपूर्वीचं चालेल हे घेणारा ठरवतो, आणि दिवस डॉक्टरांच्या तारखेपासून मोजतो.