सर्चमध्ये खाली "काही निकाल काढले" असं येतं, ते काढतं कोण?

रावेरवाला:
भाचीचा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, जळगाव जिल्ह्यात मुली कमी का यावर. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे आपल्याकडे ८४२ मुली, राज्यात ८९४, इथवर सापडलं. मग तिने गर्भलिंग तपासणी, सोनोग्राफी असलं कायकाय टाकून सर्च केलं तर पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ओळ, कायदेशीर विनंतीवरून काही निकाल काढलेत. ती घाबरली ना, म्हणे मामा पोलीस येतील का 😀 पोलिसाचं सोडा पण हे काढतं कोण, सरकार का?

भरीत_पुरी:
भो, सरकारले रस्तावरला खड्डा सापडत नही, नेटवरलं बठ्ठं बरोबर सापडस.

तापीकाठ:
😂 पण या विषयात गाडी कोर्टातून सुरू झाली. साबू जॉर्ज या कार्यकर्त्यांनी २००८ ला सुप्रीम कोर्टात याचिका टाकली, की गुगल, याहू, मायक्रोसॉफ्टवर लिंगनिदानाच्या जाहिराती दिसतात आणि गर्भलिंग तपासणीविरोधी १९९४ च्या कायद्याचं कलम २२ त्याला बंदी करतं. २०१६ ला कोर्टाने नोडल एजन्सी, म्हणजे तक्रारी घेणारं एक सरकारी ठिकाण, नेमायला लावली, तिच्याकडून निरोप आला की ३६ तासात काढायचं. शब्दांची यादी करून त्यावर चाळणी पण लावली होती, आता चाळणीला काय कळतं, गिऱ्हाईक शोधणारा एजंट आणि प्रोजेक्टवाली पोरगी तिला सारखेच. म्हणून २०१७ ला कोर्टालाच सांगावं लागलं की बंदी जाहिरातीला आहे, माहितीला नाही. भाचीला म्हणा बिनधास्त शोध. आणि त्या ओळीत ल्युमेनची (निकाल काढायच्या विनंत्या जमा करून ठेवणारी साइट) लिंक असेल तर उघडा, काढायला कोणी सांगितलं ते तिथे बरेचदा मिळतं.

चाळीसगाव_जंक्शन:
ओळ दिसली हेच नशीब समजा. आयटी कायद्याच्या ६९अ खाली सरकार अख्खी साइट ब्लॉक करतं तेव्हा का केली विचारायची सोय नाही, २००९ च्या नियमांत १६ नंबरचा नियम आहे, तक्रार आणि कारवाई गुप्त ठेवायची. २०१५ ला श्रेया सिंघल केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ६६अ, म्हणजे नेटवरच्या आक्षेपार्ह पोस्टवरून गुन्हा लावायचं कलम, उडवलं तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले पण ६९अ तसंच राहिलं. चीनमध्ये गुगल २००६ पासून गाळलेले निकाल द्यायचं, ते पण खाली सांगायचं की काहीतरी काढलंय, २०१० ला मग हाँगकाँगच्या साइटवर वळवलं. मला कात्रीपेक्षा ही गुपचूप कात्री जास्त खटकते.

रावेरवाला:
लिंक उघडली. सरकार नाहीच हो! कुठल्यातरी दवाखान्याने आमची बदनामी झाली म्हणून धाडीची बातमी काढायला लावलीय, सोबत कोर्टाची ऑर्डर. म्हणजे भाचीला जे पाहिजे होतं नेमकं तेच.

भरीत_पुरी:
आपलाकडलाच दवाखाना शे का?

रावेरवाला:
नाव झाकेल शे भो.