चंद्रावरची लाव्हा ट्यूब म्हणजे तयार घर? मला तरी पटत नाही

रंकाळ्याकाठचा
परवा भाच्याला घेऊन जोतिबाला गेलो होतो, येताना पोहाळ्याच्या लेण्यांत थांबलो. आत पाय टाकल्या टाकल्या पोरगं म्हणतंय, "मामा, लाव्हा ट्यूब! चंद्रावर अशाच गुहेत माणसं राहणार." मोबाईलवर व्हिडिओ बघून आलेलं.

घरी येऊन मीही जरा वाचलं. लाव्हा ट्यूब म्हणजे लाव्हा वाहून गेल्यावर मागं उरलेली नळीसारखी गुहा. 2024 मध्ये इटलीतल्या त्रेंतो विद्यापीठाच्या लोकांनी दाखवलं, की चंद्रावरच्या 'शांततेच्या समुद्रा'तल्या (नाव समुद्र, आहे लाव्हाचं मैदान) शंभरेक मीटर रुंद खड्ड्याच्या तळातून एक पोकळी आत जाते. पुरावा काय, तर नासाच्या यानानं 2010 साली घेतलेली रडारची नोंद. पोकळी अंदाजे 45 मीटर रुंद, 30 ते 80 मीटर लांब. दिसलं एवढंच, आणि लगेच वसाहतीची रंगीत चित्रं! आपल्याकडं सातबारा बघितल्याशिवाय कुणी प्लॉटचा ॲडव्हान्स देत नाही. ह्यात शोध कमी, जाहिरात जास्त असं माझं मत. बोला.

भूगोलाच्या बाई
आधी भाच्याला सांगा, पोहाळ्याची लेणी माणसानं कोरलेली आहेत. बौद्ध विहार तो. खांब, बाजूच्या खोल्या, भिंतीवर छिन्नीचे घाव. लाव्हा खांब सोडून वाहत नाही.

आता तुमचा मुद्दा. पातळ बेसाल्टी लाव्हा वाहताना वरून थंड होतो, दुधावर साय धरावी तशी कातळाची साय धरते. आतला लाव्हा त्या पांघरुणात गरम राहतो, किलोमीटरमागे एक अंशही उतरत नाही, म्हणून लांब पळतो. मागून येणारा थांबला की आतला निथळून जातो आणि नळी रिकामी राहते. हवाईतली काझुमुरा गुहा अशीच, 65 किलोमीटरहून लांब. ही कल्पनेची गोष्ट नव्हे, लोक त्यातून चालत जातात.

चंद्रावर भर दुपारी 120 अंशांच्या आसपास, रात्री उणे 130 च्याही खाली. पण त्याच खड्ड्याच्या सावलीतल्या भागात तापमान 17 अंशांच्या जवळपास टिकून राहतं, असा 2022 चा अभ्यास आहे. वर किरणोत्सर्ग आणि उल्कांचा मारा. बाहेर पत्र्याचं शेड घालून राहणार का?

सुरुंगवाला
बाई, नमस्कार. माझी विहिरी खोदायची कामं, पंचवीस वर्सं. शास्त्र मला येत नाही, छत येतं. तुम्ही म्हणताय तो खड्डा झाला कसा? छत पडलं म्हणूनच की! ज्या घराचा स्लॅब एकदा खाली आलाय, त्याच्याच उरलेल्या भागात पोरंबाळं नेऊन ठेवायची? सुरुंग उडवल्यावर कातळ वरून शाबूत दिसतो. पहारीनं ठोकला की बद्द वाजतो, तवा कळतंय आत भेग हाय. चंद्रावर पहार कोण मारणार?

भूगोलाच्या बाई
दादा, हा प्रश्न खरा आहे, हसण्यावारी नेत नाही. पण तिथलं गुरुत्व आपल्या एक षष्ठांश. पर्ड्यू विद्यापीठाच्या गणितानुसार छत जाड आणि कमानदार असेल तर एक किलोमीटरहून रुंद नळीसुद्धा उभी राहू शकते.

सुरुंगवाला
गणितात भेगा धरल्यात का? आणि भूकंप?

रंकाळ्याकाठचा
माझा पाठिंबा दादांना. अपोलोवाल्यांनी ठेवलेल्या यंत्रांनी 1977 पर्यंत चंद्रकंप नोंदवले, काही तर 5 रिश्टरच्या घरातले. कोयनेचा धक्का खाल्लेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

पन्हाळा पॉइंट
इस्रोचं नाव कुणी घेईना म्हणून लिहितो. अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी चांद्रयान-1 च्या फोटोंतून न पडलेली, दीड किलोमीटरहून लांब लाव्हा ट्यूब शोधून 2011 मध्ये प्रसिद्ध केलीय. इटलीच्या तेरा वर्षं आधी. नाद खुळा!

रंकाळ्याकाठचा
भावा, अभिमान मलाही आहे. पण ते वरून काढलेल्या फोटोवरचं अनुमान. नळी खचलेली दिसते, मध्येच सपाट जमीन लागते, पुढं परत खचलेली. म्हणून मधला भाग शाबूत असणार, असा तो तर्क. चांगला तर्क आहे. आत डोकावलंय कुणी? चांद्रयान-2 च्या रडारची लांब लहरसुद्धा जमिनीत काही मीटरच जाते.

भूगोलाच्या बाई
मग डोकावायला नको का? तुम्ही म्हणताय पुरावा अपुरा, आणि पुरावा गोळा करणाऱ्यांनाच जाहिरातवाले म्हणताय. लान्झारोते बेटावरच्या लाव्हा नळीत युरोपचे अंतराळवीर आधी सराव करतात, तो ह्याचसाठी. माझ्या मते घर हा दुय्यम मुद्दा. नळीतला कातळ ऊन, उल्का, धूळ ह्यांपासून झाकलेला राहिलाय, चंद्राचा जुना लाव्हा त्यात कोरा सापडेल. मंगळावर तर आर्सिया मॉन्स ज्वालामुखीच्या उतारावर 2007 मध्येच गुहांच्या तोंडासारखे खड्डे दिसलेत. सूक्ष्मजीवांची खूण शोधायची तर उन्हात भाजलेल्या मातीत का शोधायची?

रंकाळ्याकाठचा
हे मान्य. घरापेक्षा हे कारण मला दहापट पटतं. मग बातमीत घरच का रंगवतात?

पन्हाळा पॉइंट
कारण 'कोरा कातळ' म्हटलं की तुम्ही बातमी उघडणार नाही 😄

एक शंका. आपला सगळा सह्याद्री लाव्हाचाच, 6.6 कोटी वर्षांचा. मग इथं एकही ट्यूब कशी नाही?

भूगोलाच्या बाई
ह्यावर भूशास्त्रज्ञांत खडाजंगी झालीय. पश्चिम महाराष्ट्रातल्या काही लांबट कातळरचना म्हणजे लाव्हाच्या नळ्या आणि पाट आहेत असं काहींनी मांडलं, दुसऱ्यांनी ते खोडून काढलं. आपल्याकडचे बरेच थर जागच्या जागी भाकरीसारखे फुगत गेले. नळी असलीच तरी नंतरच्या लाव्हानं भरून गेली असेल. पोकळी हवी तर मांजऱ्या दगड बघा, त्यातली भोकं म्हणजे अडकलेल्या वायूचे बुडबुडे.

सुरुंगवाला
मांजऱ्या? तो तर आमचा रोजचा. वर मांजऱ्या, खाली काळा घट्ट कातळ, परत मांजऱ्या. भोकांत पांढरे खडे चमकतात. प्रत्येक जोडी म्हंजे एकेक लाव्हा का?

भूगोलाच्या बाई
ढोबळमानानं तसंच. फेसाळ भाग प्रवाहाचा माथा, घट्ट भाग त्याचं पोट.

सुरुंगवाला
मग मी पंचवीस वर्सं लाव्हा मोजतोय आणि मला पत्ता नाही. छताचं मत तेच हाय, ते बदलणार नाही. पण करवीर तालुक्यात एक काम चालू हाय, साठ फूट झालीय, असले तीन थर उघडे पडलेत. रविवारी पोरांना घेऊन या. पाणी लागायच्या आत या. आणि चप्पल नको, बूट घालून.

रंकाळ्याकाठचा
भाचा विचारतोय, हेल्मेट मिळणार का?

सुरुंगवाला
एकच हाय. बाईंना देणार.